कांद्याच्या खोल्यांत राहतं कोण

आमच्या घरात कांदा चालत नाही, पण घर चालतं ते कांद्यावरच. मंचरात हमरस्त्यापासून जरा आत आमचा गाळा आहे. खाली कांदा-बटाट्याची अडत, वर आम्ही राहतो. पणजोबा राजस्थानातून इकडे आले, मराठी शिकले, कांद्याचे भाव शिकले, पण जैन धर्माचे नियम त्यांनी काही सोडले नाहीत. जमिनीखाली वाढणारं स्वयंपाकघरात येणार नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, पाणी प्यायचं ते उकळून. खाली कांद्याचे ढीग लागलेले असायचे आणि वर एखादा पापुद्रा वाऱ्यानं उडत आला, तरी आई तो चिमट्यात धरून जिन्यावरून खाली टाकायची. आईला आम्ही बाई म्हणतो. वडिलांना सगळा बाजार भाऊ म्हणतो, म्हणून मीही भाऊच म्हणते.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी एकदा फर्मान काढलं, उद्या येताना एकेक कांदा आणा. बाकीच्यांनी घरच्या टोपलीतून आणला. माझ्या घराखाली डोंगर होता, पण त्यातला एक घ्यायलाही परवानगी लागायची. भाऊंनी ढिगात हात घालून एक कांदा काढला, दाबून बघितला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "हितनंच शाळंत जा. वर न्हिऊ नको," म्हणाले.

सरांनी त्याचा पातळ पापुद्रा काढला, काचेवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि मला सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला सांगितलं. अगं बाई! लांबट लांबट खोल्या, एकीला एक लागून, आणि प्रत्येकीत एक पिवळा ठिपका. मी शाळा सुटल्यावर धावतच गाळ्यावर आले.

"भाऊ, कांद्यात खोल्या असतात! शेकड्यानं!"

भाऊंनी मान वर केली. "आन् त्यात राहतं कोण?"

"कोणी नाही. त्या पेशी आहेत."

"नीट बघ," म्हणाले आणि लिलावाला निघून गेले.

मला असा राग आला म्हणता! मी लहानपणापासून तशीच, नाकावर राग आणि जिभेवर धार. सरांनी शिकवलेलं मी एवढं धावत येऊन सांगितलं, आणि ह्यांचं आपलं तिसरंच. पण खरं सांगायचं तर भाऊंनी मला कधी अडवलं नाही. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या मोठमोठ्या ताटल्यांपाशी विज्ञानाचं प्रदर्शन भरायचं. तिथं मी मातीची पेशी करून नेली होती, परातीएवढी. ती टेम्पोत गचके खाऊन फुटू नये म्हणून भाऊ ती सगळा रस्ताभर मांडीवर धरून बसले होते, धोतराला गेरू लागला तरी.

आता माझं पोट त्या खोल्यांवरच चालतं. मी पेशींची हलती चित्रं करते. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांसाठी, औषधांची माहिती देणाऱ्या फिल्मांसाठी. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली. मग हे काम घरबसल्या होऊ लागलं, तेव्हा गाशा गुंडाळला आणि मंचरला परत आले. वरच्या मजल्यावर मागची खोली माझी. तिथं माझा मोठा कॉम्प्युटर दिवसभर घरघरतो, बाहेर ट्रकवाले हॉर्न बडवतात, आणि मध्येच लाईट गेली की मी जे काही बोलते ते बाईला आवडत नाही. बाजारात कोणी विचारलं, की शेठ, पोरगी काय करती, तर भाऊ सांगतात, "शरीराच्या आतली कार्टूनं काढती." मी हजारदा म्हटलंय, भाऊ, कार्टून म्हणू नका. "मंग काय म्हणू?" मलाही धड शब्द सापडत नाही. राहिलं मग कार्टूनच.

ह्या कामातलं एक गुपित सांगते. पेशीच्या आत मुंगी शिरायला जागा नसते. बाजाराच्या दिवशीचं मंचर डोळ्यापुढं आणा, कोण कुठं चाललंय ते कळत नाही, सगळे एकमेकांना ढकलत, खेटत. आत अगदी तसं असतं. पण तसंच दाखवलं तर बघणाऱ्याला काय दिसणार, डोंबल! म्हणून आम्ही गर्दी काढून टाकतो. ज्याची गोष्ट सांगायची तेवढं ठेवतो, मागं छान मोकळं निळं पसरवतो. रंगही आमच्याच मनचे, कारण एवढ्या बारीक वस्तूंना रंग असा नसतोच. माझ्या पेशींचं आवरण नेहमी कांद्याच्या सालीसारखं गुलाबी असतं, ही माझी खोड. थोडक्यात काय, आमच्या धंद्यात गाळणं हीच कला आहे. काय गाळायचं ते ज्याला कळलं त्याला काम आलं.

तर झालं असं, की भाऊंच्या पायाच्या अंगठ्याला गाळ्यातल्या पत्र्याची कड लागली. जखम एवढीशी, पण भरेना. भाऊंना साखरेचा आजार जुना, गोळ्यांवर होते. अंगठा काळपट पडायला लागला तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आमचे ओळखीचे, पण त्या दिवशी त्यांनी गोड बोलणं बाजूला ठेवलं. "आता गोळ्यांनी भागायचं नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन रोज घ्यायचं. नाही घेतलं तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावरच थांबेल अशी खात्री मी देणार नाही." भाऊंनी हात जोडले. "इचार करतो," म्हणाले.

"यात विचार कसला?" मी तिथंच तडकले. डॉक्टरांनी मला डोळ्यानं दटावलं. मी मुकाट्यानं इंजेक्शनची पेनं विकत आणली आणि घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर ती गायब. सगळं घर पालथं घातलं. शेवटी सापडली कुठं, तर खाली गाळ्यावर गिऱ्हाइकांसाठी गार पाण्याच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रिज आहे, त्यात मागच्या बाजूला. मी बाईवर आरडाओरडा केला. एवढं महागामोलाचं औषध, दार दिवसातून शंभरदा उघडणार, अक्कल नावाची गोष्ट आहे का! बाई म्हणाली, "असू दे तिथंच. गार हाये ना?" आणि पोळ्या लाटत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण रागात माणसाला काय दिसतंय?

मला वाटलं, भाऊंना सुईची भीती वाटते किंवा औषध काय करतं ते कळत नाही. न कळलेलं कळवणं हा तर माझा धंदा. मी हातातली कामं मागं टाकली आणि भाऊंसाठी म्हणून एक फिल्म करायला बसले. रक्ताची वाट, तिच्यातून वाहत जाणारे साखरेचे कण, आणि दोन्ही अंगांना गुलाबी पेशी, दारं लावून बसलेल्या. साखर दाराशी येते, धडकते, आत जाता येत नाही, पुढं वाहत जाते. वाटेत साखरेचीच दाटी. मग इन्सुलिन येतं, पेशीच्या अंगावर ठरलेल्या जागी बसतं, आणि दार उघडतं.

दुपारी लिलाव आटोपल्यावर गाळ्यातल्या गादीवर लॅपटॉप ठेवून भाऊंना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि अंग पुढं काढून बघितली.

"म्हंजे माल दारापत्तुर आलाय, पन शटर खाली."

"बरोब्बर!"

"आन् म्हनून रस्त्याव ट्रका तुंबल्यात. आपल्या चौकात तुंबत्यात तशा."

"अगदी तसंच, भाऊ."

"आन् हे इंजेक्शन म्हंजे शटर उघडनारा गडी."

मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली. "मग घेताय ना?"

"लई भारी केलंस," भाऊ म्हणाले. "बघू."

बघू! त्यानंतर भाऊंनी काय केलं असेल? येईल त्या माणसाला गादीवर बसवून ती फिल्म दाखवायला लागले. शटर, ट्रक, गडी, सगळं साग्रसंगीत. मढकडून तांदूळ घेऊन येणारा एक व्यापारी वर्षानुवर्षं सुईला घाबरून होता. भाऊंचं प्रवचन ऐकून तो सरळ दवाखान्यात गेला आणि इंजेक्शन सुरू करून पेढे घेऊन आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी पेढा खाल्ला नाही, इतकी चिडले होते.

मग दुसरी फिल्म केली. पायातल्या बारीक रक्तवाहिन्या साखरेनं कशा खराब होतात, जखमेपाशी मदत का पोचत नाही, जंतू कसे मातून बसतात. जरा भीती दाखवावी म्हटलं. भाऊंनी तीही चवीनं बघितली. "ह्या पांढऱ्या पेशी लई कामाच्या हायेत. पन बिचाऱ्या दमल्यात," असा शेरा दिला. इकडे अंगठ्याला वास यायला लागला होता. रोज पट्टी बदलताना बाईचं तोंड बघवत नव्हतं. एका संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो असताना, माझा बांध फुटला.

"भाऊ, तुम्हाला पाय नकोय का? मढच्या माणसाला शिकवताय आणि स्वतः मात्र... मी काय करू अजून? कुठल्या भाषेत सांगू?"

भाऊ शांतपणे ताट धुऊन प्यायले, तशी आमच्याकडे रीत आहे, आणि उठून प्रतिक्रमणाला बसायला गेले. म्हणजे दिवसभरात आपल्या हातून ज्या ज्या जिवाला इजा झाली असेल त्याची माफी मागायला. मला बाईनं हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"ओरडू नको त्यांच्याव. त्यांना समदं कळतं. तू थोरल्या काकांचं इसरलीस का?"

थोरले काका म्हणजे भाऊंचे मोठे भाऊ. गादीवरच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. मी अगदी लहान असताना ते गेले, एवढंच मला माहीत होतं. बाईनं बाकीचं सांगितलं. त्यांनाही हाच आजार होता, हेच इंजेक्शन सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, हे बनतं कशापासून? त्या वेळच्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की डुकराच्या नाहीतर गायीच्या पोटातल्या एका ग्रंथीतून काढतात. काकांनी हात जोडले आणि नको म्हणाले. आधी पाय गेला. मग ते गेले. भाऊ शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होते.

"दादानं जीव दिला पन घेतलं न्हाई, आन् मी घिऊ व्हय, असं म्हनत्यात," बाई म्हणाली. "म्हनून मी ते खाली न्हिऊन ठेवलं. घरात नको म्हनले."

खाली चालतं, वर नाही. कांद्यासारखंच.

"पण मला का नाही सांगितलं? मला विचारायचं तरी!"

"तुला?" बाईनं माझ्याकडं बघितलं. "तू हसली असतीस. तू पुन्यात कांदा खायचीस ते त्यांना ठाव हाये."

मला रडू आलं. रडण्याची मला सवय नाही, म्हणून नीट जमलंही नाही. मी हसले नसते हो. निदान आता तरी नसते हसले. मी आपली दार कसं उघडतं ते परत परत समजावत होते, आणि भाऊ तर दाराच्या कितीतरी पलीकडचं विचारत होते, की ह्यासाठी मेलं कोण?

मग एकदम डोक्यात लख्ख पडलं. "अगं बाई, पण आता ते तसं बनतच नाही! आता डुकराचा काही संबंध नाही!"

"मंग ते दाखीव की," बाई म्हणाली. "ती ट्रका आन् शटरं काय दाखीवत बसलीस?"

डॉक्टरांनी दिलेलं औषध नक्की कसं बनतं, ते मी आधी शोधून खात्री करून घेतली आणि तिसऱ्या फिल्मला बसले. इतक्या आनंदानं मी कुठलंच काम केलेलं नाही. माणसाच्या शरीरात इन्सुलिन बनवायची जी कृती असते, ती एका सूक्ष्म जंतूच्या पेशीत घालतात. जंतू पोलादी टाकीत वाढतात, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि त्या कृतीप्रमाणं माणसाचं इन्सुलिन स्वतःच्या पोटात तयार करतात. मी जंतू पोपटी केला, भुईमुगाच्या शेंगेएवढा जाडजूड, अंगावर बारीक लव. कॅमेरा त्याच्या आत शिरतो, कृती वाचली जाते, कण कणाला जोडला जातो. पुढच्या दृश्यात जंतू फोडतात. पोपटी आवरण चिरफाळतं आणि आतलं सगळं बाहेर सांडतं. त्यातून इन्सुलिन वेगळं काढून स्वच्छ करतात. ते फुटणं मला फार सुरेख जमलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा चालवून बघत होते, तेव्हा बाई चहा घेऊन आली.

"हे काय झालं?"

"फोडतात त्यांना. नाहीतर आतलं बाहेर कसं येणार?"

"म्हंजे मरत्यात?"

"हो, मरतात."

बाईनं कप ठेवला. "तेवढं काढून टाक."

"बाई, असं कसं काढून टाकू? ते तसंच होतं."

"तूच म्हनतीस ना, आत लई गर्दी असती, ती तू काढती? रंगबी खोटं लावती? मंग एवढं एक गाळलंस तर काय आभाळ कोसळनार हाये? ते जिवाला जीव म्हननारं मानूस हाये. हे बघितलं तर संपलं. पाय जाईल त्यांचा, कळतंय का? पाय जाईल. आन् मग..."

मी खुर्ची पुढं ओढली. आणि ते दृश्य गाळलं. टाकीत जंतू वाढतात, आत इन्सुलिन बनतं, आणि पुढच्या क्षणी ते बाटलीत. जोड इतका बेमालूम झाला, की बाईनं पुन्हा लावायला सांगून बघितला आणि समाधानानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी लिलावानंतर पुन्हा गादीवर लॅपटॉप ठेवला. बाई कधी नव्हे ती जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसली होती. भाऊंनी फिल्म बघितली.

"डुकराचं न्हाई?"

"नाही, भाऊ."

"गाईचंबी न्हाई?"

"कुठल्याच जनावराचं नाही. माणसाचंच आहे. ह्या जंतूंकडून करून घेतलेलं."

भाऊंनी सुस्कारा सोडला. त्यांचे खांदे सैल पडले, आणि मला समजलं, की हे इतके दिवस किती घट्ट होऊन बसले होते. जिन्यात बाईच्या बांगड्या वाजल्या.

"परत लाव," भाऊ म्हणाले.

परत लावली. जंतूच्या पोटात इन्सुलिन तयार झालं, तसा त्यांनी हात वर केला. "थांब. आत तयार झालं, बराबर. भायेर आलं कसं?"

"म्हणजे?"

"दार कुठाय? तूच दाखीवलं व्हतं, पेशीला दार असतं, त्याबिगर काय आत जात न्हाई, काय भायेर येत न्हाई. ह्याला दारच काढलं न्हाईस."

काय सांगू, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला! ज्यांना मी कार्टून म्हणू नका म्हणून ओरडत होते, त्या माझ्या बापाला पेशी कळली होती. चांगली कळली होती. आणि मग कळलं, ते काय विचारतायत. भाऊ माझ्याकडं बघत होते. आमच्या बाजारात पिशवीच्या वरचा थर सगळेच निवडून लावतात. भाऊ कधी वरचा कांदा बघून भाव बोलत नाहीत. आधी पिशवी पालथी करतात.

"पालथी कर," ते हळूच म्हणाले.

मी जिन्याकडं बघितलं. बाईनं पदर तोंडाला लावला होता. मी पूर्ण फिल्म उघडली आणि लावली. जंतू वाढले, पोटं भरली, आणि मग ते फुटणं आलं. पोपटी आवरण चिरफाळलं, आतलं सगळं सांडलं.

"हितं थांबीव."

थांबवली. पडद्यावर फुटलेला जंतू तसाच राहिला.

"जीव हाये ना ह्यो?"

"आहे, भाऊ. आणि एकच नाही. एकेका टाकीत मोजता येणार नाहीत इतके असतात."

"तुला कांद्याच्या येळंला म्हनलं व्हतं, नीट बघ. त्यातबी असंच जीव राहत्यात."

"हो."

"बघितलंस?"

"बघितलं, भाऊ."

मला वाटलं, झालं, संपलं. बाईलाही तेच वाटलं असणार, कारण ती जिन्यावरून म्हणाली, "अहो, ते एकेंद्रिय जीव, अगदी खालच्या पायरीचे, त्यांचं एवढं..." भाऊंनी तिला हातानं थांबवलं. मग दोन्ही हात जोडले आणि पडद्यावरच्या त्या फुटक्या शेंगेपुढं मान लववली. "मिच्छामि दुक्कडं," म्हणाले. माझ्या हातून तुला दुखापत झाली, ते माझं पाप फळाला न येवो. वर्षातून एकदा हे आम्ही एकमेकांना म्हणतो, आणि भाऊ रोज संध्याकाळी सगळ्या जिवांना म्हणतात. पण कुणाच्या तोंडाकडं बघून म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"आपन पानी उकळून पितो, त्यातबी जीव मरत्यातच," ते सावकाश बोलायला लागले. "चूल पेटीवली तरी मरत्यात. संसारी मानसाला ही हिंसा चुकत न्हाई. म्हनून तर रोज माफी मागायची. डुकराची गोष्ट निराळी, त्यात दादाचं काय चुकलं न्हाई. पन कोन मरतंय ते ठाव पायजे. तू झाकून ठिवलं असतं, तर म्या माफी कुनाची मागायची?"

"मग घ्याल का, भाऊ?" मीच शेवटी विचारलं. एवढ्या बारीक आवाजात मी आयुष्यात बोलले नसेन.

"दादाला इचारू दे," म्हणाले, आणि लंगडत उठले.

अंगठ्याला भरायला फार वेळ लागला, पण भरला. नख वाकडं आलंय, तेवढंच. गेल्या संवत्सरीला, म्हणजे आमच्या क्षमा मागायच्या दिवशी, भाऊंनी सगळ्या बाजाराला मोबाईलवर क्षमापनेचं कार्ड पाठवलं, त्यावर चित्र कुठलं, तर माझा पोपटी जंतू. दिवसभर फोन येत होते, "शेठ, ही भुईमुगाची कुठली जात म्हनायची?" भाऊ प्रत्येकाला गादीवर बोलावून फिल्म दाखवत होते, पालथी करून, मधल्या भागासकट. मी आता कार्टून म्हणण्याबद्दल काही बोलत नाही. म्हणा काय म्हणायचं ते.

पण मला सारखी आठवते ती त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी वर काम करत होते, तेवढ्यात खालून भाऊंची हाक आली. "अगं, ये जरा! ह्यो पडदा काळा झाला!"

खाली गेले. गादीवर लॅपटॉप होता, पण त्याचं तोंड भाऊंकडं नव्हतं. खाली दोन पाट घालून, उंच करून, भिंतीवरच्या थोरल्या काकांच्या फोटोकडं तोंड करून ठेवला होता. भाऊ शेजारी हात बांधून उभे, अंगात धुतलेला सदरा. बाहेर हमाल पिशव्या उतरवत होते, ते थबकून बघत होते.

"कुठलं बटन?"

मी फिल्म लावून दिली आणि बाजूला झाले. भाऊ फोटोला दाखवत होते. टाकी आली, जंतू आले. "ह्ये बघ दादा, हे आताचं." जंतू फुटला, तेव्हा त्यांनी लॅपटॉप हातानं अजून थोडा वर उचलला, जसं म्हाताऱ्या माणसाला नीट दिसावं म्हणून उचलतात. "हे मधलं. काय झाकलं न्हाई. तुझ्या येळंला हे असतं तर तूबी..." फिल्म संपली. पडदा पुन्हा काळा झाला, तरी ते तो तसाच धरून उभे होते.

मग त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला, छोट्या फ्रिजपाशी गेले, गार पाण्याच्या बाटल्यांमागं हात घातला आणि इंजेक्शनची पेनं बाहेर काढली.

"वर ने," म्हणाले. "घरातल्या फ्रिजात ठेव."

बाई जिन्यात उभी होती. ती तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला ओलांडून वर गेले, कारण मी थांबले असते तर तिघंही तिथंच बसलो असतो.

डॉक्टरांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं. भाऊंनी खुर्चीत बसून सदरा वर केला. मी सुई टोचली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सुई काढल्यावरही उघडले नाहीत.

"दुखलं का, भाऊ?"

"न्हाई."

"मग डोळे का मिटलेत?"

"बघतोय," भाऊ म्हणाले. त्यांचा एक हात पोटावर होता. "पोचलं असंल का गं दारापत्तुर?"

"पोचतंय, भाऊ," मी म्हटलं. "आता उघडेलच."